बाबासाहेबांचे लक्ष कुठे होते?

आमचे माळशिरस पालखी मार्गावरचे. आषाढात नातेपुत्याकडून माउलींची पालखी येते, मुक्काम करते, वेळापूरकडे निघून जाते. तोवर गावाचे लक्ष दुसरीकडे नसते. चौदा एप्रिलला आमच्या वस्तीचेही तेच. भिंतीएवढे स्पीकर, डोळे दिपवणारे लाइट. आणि उरलेले वर्षभर पोरांच्या हातात मोबाईल! समाजाचे लक्ष कुणी पळवले, अशी ओरड आम्हीही सभांतून केली आहे. पण बाबासाहेबांचे चरित्र पुन्हा वाचायला घेतले आणि आमची ओरड निम्मी खाली बसली.

परळच्या चाळीतली एकच खोली. त्यात संसार, चूल, धूर, सामान. सुभेदार रामजीबाबा पोराला लवकर झोपवत, स्वतः मध्यरात्र उलटेपर्यंत जागत आणि दोनच्या सुमारास त्याला उठवून त्याच जागेवर आपण आडवे होत. मग दिव्याच्या उजेडात भीमाचा अभ्यास चाले. एका पोराचे लक्ष पुस्तकात राहावे म्हणून बाप आपली झोप देत होता. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले.

१९१३ साली सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले. तिथे पहिले काही महिने मित्रमंडळी, खेळ, नाटके यांत गेले. विटाळ नाही, हाटहूट नाही. बावीस वर्षांच्या तरुणाचे मन रमले तर नवल काय! पण एका रात्री त्यांनी स्वतःलाच जाब विचारला आणि मग दिवसाचे अठरा-अठरा तास अभ्यासाला दिले. आमच्या व्याख्यात्यांना हा प्रसंग सांगायला फारसा आवडत नाही. महामानव जन्मतःच महामानव ठरला की आपली सुटका होते ना! आम्हाला मात्र हीच रात्र मोठी वाटते. भरकटलेले लक्ष त्यांनी स्वतः ओढून आणले.

त्याची किंमत कुणी मोजली, हेही सांगितले पाहिजे. बाबासाहेब लंडनच्या ग्रंथालयात दार उघडल्यापासून बंद होईपर्यंत अर्धपोटी वाचत बसत, तेव्हा इकडे मुंबईत रमाई चार पैशांत घर ओढत होत्या. पाच लेकरांपैकी चार गेली. राजरत्न १९२६ मध्ये गेला, रमाई २७ मे १९३५ रोजी. हे दुःख बाबासाहेबांना आयुष्यभर पुरले. एकीकडे लक्ष दिले की दुसरीकडून ते काढावेच लागते, आणि जिथून काढले तिथले माणूस बहुधा मुकाट सोसते. रमाईंच्या फोटोला हार घालताना आम्ही हा हिशेब मांडतो का?

परदेशातून परतलेल्या बॅरिस्टरने आपले लक्ष वकिलीच्या पैशापुरते ठेवले असते तर कोण विचारणार होते? १९२४ मध्ये त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा काढली. सभेने वसतिगृह उघडले ते आमच्या सोलापुरात, ४ जानेवारी १९२५ रोजी. सोलापूर नगरपालिकेने महिना ४० रुपये अनुदान दिले. मुंबईत सभेने मोफत वाचनालय चालवले आणि तरुणांसाठी हॉकी क्लबही काढला. होय, हॉकी! तरुण जुगाराच्या अड्ड्याकडे आणि गुत्त्याकडे वळू नयेत हा त्यामागचा विचार. नुसते नको म्हणून पोराचे लक्ष हटत नाही, त्याच्या हातात दुसरे काही द्यावे लागते, हे त्यांना ठाऊक होते. जयंतीच्या वर्गणीतून आपल्या वस्तीत अभ्यासिकेचे बाक किती आले, हे ज्याने त्याने मोजावे. आमचा आकडा सांगायला आम्हालाच लाज वाटते.

५ डिसेंबर १९५६ च्या रात्री दिल्लीत, अलीपूर रोडच्या घरात, शरीर पार थकले होते. तरीही त्यांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेचे टंकलिखित कागद आणि काही पत्रे नजरेखालून घालण्यासाठी मागवून घेतली. सकाळी ते उठले नाहीत.