यादीत माझे नाव आहे का?



घरात काही अघटित घडले की आपण सहज बोलून जातो, नशिबात लिहिलेले होते. देव सार्वभौम आहे, ही आपली श्रद्धा आहे. पण म्हणून माझे तारण की नाश, हेही त्याने आधीच ठरवून टाकले आहे काय? ह्याच प्रश्नाने एका तरुणाला अंथरुणाला खिळवले होते. त्याचे नाव फ्रान्सिस डी सेल्स. त्यांचा सण आपण २४ जानेवारीला साजरा करतो.

फ्रान्सिसचा जन्म २१ ऑगस्ट १५६७ रोजी सॅव्हॉय प्रांतातील सरदार घराण्यात झाला. शिक्षणासाठी तो पॅरिसला येशूसंघीयांच्या महाविद्यालयात गेला. कृपा आणि पूर्वनियोजन ह्यांवर तेव्हा जोरदार वाद चालत. काहींचे तारण आणि काहींचा नाश देवाने अनादिकाळापासून ठरवला आहे, असे जिनिव्हाच्या जॉन कॅल्विन ह्यांनी शिकवले होते. संत अगस्तिन व संत थॉमस अक्वायनस ह्यांच्या लिखाणाचा कठोर अर्थ लावणारे कॅथलिकही होते.

१५८६ च्या अखेरीस एकोणीस वर्षांच्या फ्रान्सिसच्या मनात शंका शिरली. आपण नाश पावणाऱ्यांच्या यादीत असलो तर? सुमारे सहा आठवडे त्याला ना अन्न गोड लागले, ना झोप आली. शरीर खंगले.

१५८७ च्या जानेवारीत तो एका चर्चमध्ये पवित्र मरियेच्या मूर्तीपुढे गुडघे टेकून बसला. तेथे त्याने उत्तर मागणेच सोडून दिले. मरणानंतरचे देवावर सोपवले आणि ह्या आयुष्यात त्याच्यावर मनापासून प्रेम करायचे ठरवले. तो उठला तेव्हा मनावरचे ओझे उतरले होते. यादी त्याला कोणी दाखवली नव्हती. त्याची भीती मात्र गेली होती.

पुढे पादुआला कायदा शिकताना प्रश्न पुन्हा उभा राहिला. ह्या वेळी त्याने ग्रंथ अभ्यासले. सर्वांचे तारण व्हावे ही देवाची इच्छा आहे, हे संत पौलाने तिमथीला कळवले आहे. फ्रान्सिसने तेच धरून ठेवले. माणूस कृपेला कसा प्रतिसाद देईल हे देव आधीच जाणतो, पण जाणणे म्हणजे सक्ती करणे नव्हे. भूक लागली की मूल घरी येणार, हे आई जाणते. म्हणून ती त्याला ओढून आणत नाही.

१५९३ मध्ये ते धर्मगुरू झाले. पुढच्याच वर्षी ते कॅल्विनपंथीयांच्या शाब्ले भागात गेले. लोक ऐकायला येईनात, तेव्हा त्यांनी पत्रके लिहून घरोघरी पोहोचवली. म्हणूनच ते पत्रकारांचे आश्रयदाते संत आहेत. १६०२ मध्ये ते जिनिव्हाचे बिशप झाले, पण शहर कॅल्विनपंथीयांचे असल्याने ते आन्सी येथे राहिले. कृपेच्या प्रश्नावर डॉमिनिकन व येशूसंघीय ह्यांच्यात वाद होता. पोप पॉल पाचवे ह्यांनी १६०७ मध्ये कोणालाही दोषी न ठरवता तो थांबवला. २८ डिसेंबर १६२२ रोजी लिआँ येथे फ्रान्सिस देवाघरी गेले. १६६५ मध्ये त्यांना संतपद मिळाले. आपल्या नागपूरचे कॅथीड्रल त्यांच्याच नावाने आहे.

बंधू-भगिनींनो, माझ्यासाठी आता क्षमा नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी ह्या तरुणाची आठवण ठेवावी. यादीत काय आहे ते विचारत बसू नका. आज, आहात तसे, देवाजवळ या.

आपला धर्मगुरू