कै. ताराबाई मोडक आणि नोकरी करणारी आई

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहून द्यावे, असे कार्यकारिणीने मला सांगितले. नाव शोधायला मला वेळ लागला नाही. गेली सव्वीस वर्षे मी मंडळाची बालवाडी सांभाळते आहे. तेव्हा माझ्या मनात पहिले नाव आले ते कै. पद्मभूषण ताराबाई मोडक यांचे. त्यांचे चरित्र बहुधा मुलांच्या बाजूने सांगितले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु आज मी ते आईच्या बाजूने सांगणार आहे. नोकरी आणि संसार यांची सांगड कशी घालावी, हा प्रश्न १९६०-७० नंतर आपल्यापैकी पुष्कळ घरांत शिरला. ताराबाईंनी त्याचे एक उत्तर त्याच्याही आधी शोधून ठेवले होते.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा. वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थना समाजातील गृहस्थ. आई उमाबाई बालविधवा; सदाशिवरावांशी झालेला हा त्यांचा पुनर्विवाह. त्या काळी विधवेने पुन्हा संसार मांडणे म्हणजे नातेवाइकांचा रोष ओढवून घेणेच होते. अशा घरात वाढलेल्या मुलीला शिक्षणासाठी घरच्यांशी झगडावे लागले नाही. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. झाल्या. पुढे अमरावतीचे वकील कृ. वि. मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला; तथापि तो संसार टिकला नाही. १९२१ च्या सुमारास पतिपत्नी विभक्त झाली आणि लहान मुलीची सर्व जबाबदारी ताराबाईंवर आली.

भगिनींनो, येथे आपण क्षणभर थांबावे असे मला वाटते. पतीपासून वेगळी झालेली, पदरी लहान मूल असलेली स्त्री त्या काळी माहेरच्या आश्रयाने दिवस काढी. ताराबाईंनी नोकरी धरली. राजकोटच्या बार्टन स्त्री अध्यापन महाविद्यालयाच्या त्या प्राचार्य झाल्या. त्या पदावर आलेल्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. हाती पदवी नसती तर ते दार उघडले नसते. शिक्षण हे स्त्रीच्या अडचणीच्या वेळचे सोने आहे असे आपण मुलींना सांगतो, त्याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

एवढी मानाची जागा त्यांनी दोन-तीन वर्षांतच सोडली. भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर सुरू केले होते. गिजुभाई मूळचे वकील. वकिली सोडून ते लहान मुलांत रमले, म्हणून गुजरातेत त्यांना मिशीवाली आई या अर्थाचे लाडके नाव पडले. मुले सांभाळणे हे पुरुषाचेही काम असू शकते, हे ज्या काळी कुणाच्या स्वप्नातही नव्हते त्या काळची ही गोष्ट आहे. ताराबाई १९२३ साली त्यांच्याजवळ गेल्या आणि माँटेसरी पद्धती शिकून घेऊन तीत निष्णात झाल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला. पुढे शिक्षणपत्रिकेच्या मराठी आवृत्तीचे संपादन त्यांनी केले, आणि १९३६ साली मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केले.

दादरचे काम चांगले चालले होते. परंतु तेथे येणारी मुले बहुतेक मध्यम वर्गातली, ज्यांना घरी न्हाऊ-माखू घालणारे कुणीतरी होते अशी. माँटेसरीची साधनेही महाग. तेव्हा हे शिक्षण खेड्यातल्या गरिबाच्या मुलापर्यंत कसे जाईल, हा विचार ताराबाईंना स्वस्थ बसू देईना. १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांनी मुंबई सोडून डहाणू तालुक्यातील बोर्डी गाठले आणि ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. त्यांच्याबरोबर अनुताई वाघ आल्या. अनुताई म्हणजे तेराव्या वर्षी लग्न होऊन काही महिन्यांतच विधवा झालेल्या, आणि मग स्वतःच्या हिमतीने शिकून शिक्षिका झालेल्या बाई. दोघींचे हे साहचर्य अखेरपर्यंत टिकले.

बोर्डीत बालवाडी निघाली खरी, पण गरीब वस्तीतली मुले तिकडे फिरकेनात. पुष्कळांच्या तोंडी लगेच उत्तर येते की, आयांना शिक्षणाचे महत्त्व नाही. मलाही माझ्या कामात हे वाक्य शेकडो वेळा ऐकावे लागले आहे. परंतु जी बाई पहाटे उठून मजुरीला जाते, तिने मुलाला आंघोळ घालून, कपडे करून, वेळेवर शाळेत कधी पोचवावे? ताराबाईंनी आईला दोष दिला नाही. शाळाच उचलून वस्तीत नेली. एखाद्याच्या अंगणात मुले गोळा करावी, तेथेच त्यांचे हातपाय धुवावे, केस विंचरावे, नखे काढावी आणि मग गाणी-गोष्टी सुरू कराव्या. चिंचोके, शिंपले, गोटे, पाने, माती, बांबू ही साधने. विलायती लाकडी ठोकळ्यांचे काम त्यांनी गावच्या वस्तूंकडून करून घेतले. अंगणात भरणारी ही बालवाडी म्हणजेच अंगणवाडी.

१९५७ साली हे केंद्र जवळच कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे वस्ती वारली आदिवासींची. घरातले प्रत्येक माणूस कामाचे, सहा-सात वर्षांचे मूलसुद्धा. मुलगा गुरांमागे रानात जाई आणि मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन घरी राही. गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली. जेथे गुरे चरतात तेथेच मास्तर जाई. आणि कडेवर भावंड घेतलेल्या मुलीसाठी विकासवाडी निघाली. एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा. मुलीने येताना तान्ह्याला बरोबर आणावे, पाळणाघरात ठेवावे आणि आपण वर्गात बसावे. आई निर्धास्तपणे कामाला जाई, थोरली शिकू लागे आणि धाकट्याची आबाळ होत नसे. तीन माणसांचे प्रश्न एकाच आवारात सुटले. या कामासाठी साध्या शिकलेल्या बायांना बालसेविकेचे शिक्षण देण्याची सोयही तेथेच होती.

१९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या निवर्तल्या. पुढे १९९२ पर्यंत अनुताईंनी ते काम चालविले. ताराबाईंच्या पश्चात दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने ३३ प्रकल्पांपासून एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव दिले. आज देशभर अशी तेरा लाखांहून अधिक केंद्रे आहेत. प्रत्येकीत बहुधा एक सेविका आणि एक मदतनीस, आणि सगळ्या स्त्रियाच. खेड्यातल्या लाखो बायांना घराबाहेरचे पहिले काम मिळाले ते या वाटेने.

परंतु एक शल्य राहिले आहे. या बायांच्या कामाला पगार म्हटले जात नाही, मानधन म्हणतात. मुले सांभाळणे हा बाईचा स्वभावच, त्याचे मोल ते काय द्यायचे, अशी समजूत त्यामागे आहे. २०२२ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला. योजना सुरू झाल्यापासून एवढे मान्य होण्यास सत्तेचाळीस वर्षे लागली. ताराबाईंच्या कामावरून मी एवढेच शिकले की, बालसंगोपन ही शिकून येणारी विद्या आहे. ज्या विद्येसाठी शिक्षण लागते, तिचा मोबदलाही रास्त असावा.

हे सारे लिहिण्यास आणखी एक कारण आहे. आपली बालवाडी दुपारी साडेबाराला सुटते. आमच्या मुलांच्या आया धुण्याभांड्याला, दुकानांत, रुग्णालयांत कामाला जातात, आणि कुणी घरीच शिलाईचे काम घेते. साडेबारानंतर मूल कुणाकडे, या प्रश्नाचे उत्तर बहुधा चौथी-पाचवीतली थोरली बहीण हेच असते, आणि तिची शाळा त्या दिवसापुरती बुडते. माझ्या पाहण्यात अशा मुली दरवर्षी येतात. कोसबाडच्या टेकडीवरची ती वारली मुलगी आपल्याच गल्लीत आहे, एवढाच याचा अर्थ.

बालवाडीला जोडून संध्याकाळपर्यंतचे पाळणाघर काढावे आणि तेथील सेविकांना ठरावीक वेतन द्यावे, ही सूचना मी वार्षिक सभेपुढे ठेवली आहे. खर्च वाढेल ही काही भगिनींची शंका रास्त आहे. हिशेब मी तयार केला असून तो सभेत मांडीन. सर्वांनी त्या दिवशी अगत्याने यावे आणि मत देण्यापूर्वी आपल्या शेजारच्या एका तरी कामकरी आईशी बोलून यावे, एवढीच माझी विनंती आहे.