चौकातल्या रणगाड्यामागचा माणूस: यशवंतराव चव्हाण, पॅटन आणि विजयंता

एखाद्या युद्धस्मारकापाशी उभ्या असलेल्या रणगाड्यासोबत तुम्ही कधी ना कधी सेल्फी काढला असेलच. पण तो रणगाडा नेमका कोणता? आपला की शत्रूकडून जिंकलेला? आणि तो इथपर्यंत आला कसा? बऱ्याचदा पाटीवरचा रंग उडालेला असतो आणि ही माहिती कुणालाच सांगता येत नाही.

भारतातल्या स्मारकांवर तीन जातींचे रणगाडे प्रामुख्याने दिसतात: पॅटन, विजयंता आणि टी-55. गंमत म्हणजे या तिघांचीही गोष्ट एकाच माणसाच्या आयुष्यातून जाते. तो माणूस सैनिक नव्हता. तो होता आपल्या कृष्णाकाठचा, यशवंतराव चव्हाण. आज त्यांची गोष्ट या यंत्रांच्या बाजूने समजून घेऊया.

देवराष्ट्रे ते मुंबई

यशवंतरावांचा जन्म 12 मार्च 1913 चा, देवराष्ट्रे या आजोळच्या गावी. तेव्हा हे गाव सातारा जिल्ह्यात होतं. 1949 मध्ये साताऱ्याचा दक्षिण भाग वेगळा झाला आणि 1960 मध्ये त्याला सांगली जिल्हा हे नाव मिळालं. म्हणून आज सातारा आणि सांगली दोघेही यशवंतरावांना आपलं म्हणतात, आणि दोघांचंही बरोबर आहे.

वडील लहानपणीच गेले. आई विठाबाईंनी काबाडकष्ट करून मुलांना वाढवलं. शाळा कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये झाली. विद्यार्थी असतानाच ते स्वातंत्र्यलढ्यात उतरले आणि 1932 मध्ये तिरंगा फडकवल्याबद्दल त्यांना 18 महिन्यांची शिक्षा झाली. पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजमधून पदवी आणि पुण्यातून वकिली. 1942 मध्ये वेणूताईंशी लग्न झालं आणि काही आठवड्यांतच छोडो भारत आंदोलन पेटलं. यशवंतराव भूमिगत झाले. वेणूताईंनाही अटक झाली.

1946 मध्ये ते आमदार झाले, 1956 मध्ये मुंबई राज्याचे मुख्यमंत्री आणि 1 मे 1960 ला महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री.

याच काळातलं एक काम आपल्या विषयाशी थेट जोडलेलं आहे. सातारा-सांगलीच्या गावांतून पिढ्यानपिढ्या पोरं सैन्यात जात होती. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या तर नावातच मिलिटरी आहे. पण यातली बहुतेक पोरं जवान म्हणून भरती व्हायची, अधिकारी फार थोडे व्हायचे. शेतकऱ्याच्या मुलालाही अधिकारी होता यावं म्हणून सैनिक स्कूलची योजना आली आणि देशातलं पहिलं सैनिक स्कूल 23 जून 1961 ला साताऱ्यात सुरू झालं. मुख्यमंत्री होते यशवंतराव.

1962: हाक आली

ऑक्टोबर 1962 मध्ये चीनने हल्ला केला. आपलं सैन्य कमी तयारीनिशी, अपुऱ्या कपड्यांत आणि जुन्या बंदुका घेऊन बर्फात लढलं. पराभव झाला. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना पद सोडावं लागलं आणि नेहरूंनी यशवंतरावांना दिल्लीला बोलावलं. सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला, असं महाराष्ट्रात आजही म्हणतात. तेव्हा ते 49 वर्षांचे होते.

समोर काय होतं? खचलेलं सैन्य, आणि मंत्री व सेनापती यांच्यात उरलेला अविश्वास. यशवंतरावांनी आधी ऐकून घ्यायला सुरुवात केली. लष्करी बाबींत लष्करी अधिकाऱ्यांचं मत मानायचं, पण निर्णयाची जबाबदारी स्वतः घ्यायची, ही त्यांची पद्धत होती. पहिल्यांदाच संरक्षणाची पाच वर्षांची योजना आखली गेली. सैन्य सव्वाआठ लाखांपर्यंत वाढवायचं, डोंगरात लढणाऱ्या डिव्हिजन उभ्या करायच्या, हवाई दल 45 स्क्वाड्रनचं करायचं, अशी ती योजना होती.

पण शस्त्रं आणायची कुठून? 1964 मध्ये ते अमेरिकेला गेले. नेहरू गेल्याची बातमी त्यांना तिथेच कळली. भारताला हवी असलेली एफ-104 लढाऊ विमानं अमेरिकेने दिली नाहीत. ही विमानं पाकिस्तानला मात्र मिळाली होती. आणि पॅटन रणगाडेही.

1965: पॅटन आला आणि अडकला

पॅटन म्हणजे त्या काळातला फ्लॅगशिप फोन समजा. वजन सुमारे 45 टन, 90 मिलिमीटरची तोफ आणि अंतर मोजायचं खास यंत्र. टरेटच्या दोन्ही बाजूंना एकेक भिंग. दोन भिंगांतून दिसणाऱ्या चित्रातल्या फरकावरून लक्ष्य किती लांब आहे ते कळायचं. तुमच्या मोबाइलमधले दोन कॅमेरे पोर्ट्रेट मोडमध्ये खोली मोजतात, तत्त्व साधारण तेच. फक्त इथे चिप नव्हती, गिअर आणि भिंगं होती. हे यंत्र नीट वापरायला भरपूर सराव लागायचा.

1 सप्टेंबर 1965 ला पाकिस्तानचे रणगाडे छांब भागात घुसले. दुपारी लष्कराने हवाई दलाची मदत मागितली. हवाई दल वापरायचं म्हणजे युद्धाची पायरी वर चढायची. मंत्रिमंडळाची बैठक बोलवायला वेळ नव्हता. यशवंतरावांनी काही मिनिटांत होकार दिला आणि त्याच संध्याकाळी पठाणकोटहून विमानं उडाली. त्या पहिल्याच दिवशी आपली चार जुनी व्हॅम्पायर विमानं पडली. हा होकार किती महाग आहे, हे लगेच कळलं. तरी तो मागे घेतला गेला नाही.

पुढच्या आठवड्यात पंजाबमधल्या खेमकरणजवळ असल उत्तरची लढाई झाली. आपल्या सैन्याने कालव्यांचं पाणी शेतांत सोडलं. उसाच्या उभ्या पिकाआड आपले सेंचुरियन आणि शर्मन रणगाडे आणि जीपवर बसवलेल्या तोफा दबा धरून बसल्या. चिखलात पॅटन रुतले, उसात त्यांना दिसेना. हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या तोफेने एकामागून एक पॅटन उडवले आणि तिथेच त्यांना वीरमरण आलं. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. भारतीय लष्कराच्या हिशेबानुसार या लढाईत शत्रूचे 97 रणगाडे नष्ट झाले किंवा हाती आले. ताब्यातले पॅटन भिखीविंडजवळ रांगेने उभे केले आणि त्या जागेला लोक पॅटननगर म्हणू लागले.

तेव्हा पॅटन वाईट रणगाडा होता असं समजू नका. चुकीची जमीन, अपुरा सराव आणि समोर जिद्दीचे लोक, यामुळे चांगलं यंत्रही हरलं.

जानेवारी 1966 मध्ये ताश्कंद करार झाला. यशवंतराव तेव्हा लालबहादूर शास्त्रींसोबत तिथे होते. करारानंतर दोन्ही बाजूंनी जिंकलेला प्रदेश परत केला. हाती आलेले रणगाडे मात्र राहिले. ते देशभर लष्करी केंद्रांवर आणि स्मारकांवर मांडले गेले. म्हणजे तुम्हाला कुठे पॅटन दिसला, तर तो बहुधा 1965 किंवा 1971 चा युद्धकैदीच!

विजयंता: स्वतःचा रणगाडा

युद्ध चालू असतानाच अमेरिकेने दोन्ही देशांची शस्त्रमदत थांबवली. दुसऱ्याच्या शस्त्रावर विसंबलो तर ऐन वेळी नळ बंद होतो, हा धडा मिळाला.

उत्तराची तयारी आधीच सुरू झाली होती. ब्रिटनच्या विकर्स कंपनीशी रणगाड्याचा करार 1961 चा, म्हणजे यशवंतरावांच्या आधीचा. पण चेन्नईजवळ आवडीला कारखाना उभा राहून रणगाडे बाहेर पडायला लागले ते त्यांच्या काळात, 1965 मध्ये. हाच विजयंता. वजन 39 टनांच्या आसपास आणि तोफ 105 मिलिमीटरची. सुरुवातीचे काही ब्रिटनमधून आले, नंतरचे आवडीत बनले. इंजिनाच्या तक्रारी होत्या, पण सुटे भाग आपल्या हातात होते. 1980 च्या दशकापर्यंत दोन हजारांच्या वर विजयंता बनले. आज ते सेवेतून निवृत्त आहेत, म्हणूनच स्मारकांवर इतके दिसतात.

तिसरा टी-55. अमेरिकेकडून निराशा झाल्यावर यशवंतराव 1964 मध्ये सोव्हिएत संघातही जाऊन आले. पुढे तिकडून मोठ्या प्रमाणात शस्त्रं आली, त्यात हा रणगाडा.

कोणता रणगाडा कसा ओळखाल?

पॅटन: टरेट कासवाच्या पाठीसारखं गोलसर, ओतीव पोलादाचं. तोफेच्या टोकाला बहुधा टी आकाराचा तुकडा.

विजयंता: टरेट सपाट पत्रे जोडून केलेलं, कडा स्पष्ट. तोफेच्या नळीच्या मधोमध एक जाड फुगवटा.

टी-55: एका बाजूला पाचच मोठी चाकं, आणि पहिल्या व दुसऱ्या चाकात जास्त अंतर. नळीचा फुगवटा अगदी टोकाला.

शेजारी शेजारी बघायचे असतील तर अहिल्यानगरचं, म्हणजे जुन्या अहमदनगरचं, रणगाडा संग्रहालय गाठा. 1994 मध्ये ते सुरू झालं.

उघड्यावरचा रणगाडा मरतो कसा?

इतकं जाड पोलाद, त्याला काय होणार, असं वाटतं ना? पण रणगाड्याचा खरा शत्रू आत साचलेलं पाणी आहे. झाकणांच्या फटीतून पाऊस आत जातो, तळाशी साचतो आणि गंज आतून खायला लागतो. बाहेरून चकचकीत रंग मारला तरी आतलं थांबत नाही. पट्ट्यांचं रबर उन्हाने तडकतं. थेट मातीवर उभा केला तर पट्टे खचून गंजतात.

उपाय साधे आहेत. तळाला पाणी जायची भोकं मोकळी ठेवायची. झाकणं पक्की बंद करायची. काँक्रीटच्या चौथऱ्यावर टेकू देऊन वजन उचलून धरायचं. रंगाआधी गंज खरवडून गंजरोधक थर द्यायचा. शक्य असेल तिथे वर छप्पर. आणि मूळ रंग व आकडे पुसण्याआधी त्यांचे फोटो काढायचे, कारण तो रणगाडा कोणत्या रेजिमेंटचा हे त्या आकड्यांवरूनच कळतं. जुन्या काही वाहनांच्या डायलवर अंधारात चमकणारा रेडियमचा रंग असायचा, तो शरीराला घातक. म्हणून आत शिरू नका.

इथे तुमचा मोबाइल कामी येतो. रणगाड्याभोवती फिरत, एकमेकांवर चढणारे साठ-सत्तर फोटो काढा. फोटोग्रामेट्रीचं ॲप त्यातून थ्रीडी मॉडेल बनवतं. दरवर्षी असं मॉडेल केलं तर गंज कुठे वाढला हे समोरासमोर ठेवून बघता येतं. गावातल्या माजी सैनिकांना विचारून पाटीवरची माहितीही लिहून ठेवा. पोलाद आणखी पन्नास वर्षं टिकेल, पण त्यात बसून लढलेल्यांची आठवण सांगणारी माणसं आता थोडी उरली आहेत.

पुढे काय झालं?

1966 मध्ये यशवंतराव गृहमंत्री झाले, नंतर अर्थमंत्री, परराष्ट्रमंत्री आणि 1979 मध्ये उपपंतप्रधान. 1983 मध्ये वेणूताई गेल्या. त्यानंतर ते मनाने फार एकटे पडले. 25 नोव्हेंबर 1984 ला दिल्लीत त्यांचं निधन झालं. कृष्णा आणि कोयना जिथे मिळतात त्या कराडच्या प्रीतिसंगमावर त्यांची समाधी आहे. तिथे एकही रणगाडा नाही, फक्त नदी आहे. त्यांच्या चार वर्षांच्या कामाची खूण बघायची असेल, तर पुढच्या वेळी स्मारकापाशी थांबून सेल्फीआधी रणगाड्याची चाकं मोजा.