जाळे आणि कडे

डॉ. सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. मामांनी त्यांना वाढवले. लहानपणी ते छर्‍याच्या बंदुकीने चिमण्या मारत. एकदा पिवळ्या गळ्याची चिमणी पडली. तिचे नाव शोधता शोधता हा छोटा शिकारी पक्ष्यांचा अभ्यासक झाला.

हिवाळ्यात उत्तरेकडून लाखो पक्षी भारतात येतात. बिहारचे मीरशिकार पिढ्यान्‌पिढ्या पक्षी जाळ्यात पकडून विकत. सलीम अलींनी त्यांनाच कामावर घेतले. भरतपूरला जाळी लागली. पण पक्ष्याच्या पायात क्रमांकाचे कडे घालून त्याला सोडून देत. कडे परदेशात सापडले, की पक्ष्याचा मार्ग कळे.

२० जून १९८७ रोजी सलीम अली वारले. १९७२ च्या कायद्याची बंदी असूनही काही लोक चोरून जाळी लावतात. ते पक्षी परत जात नाहीत.