पॉप्सचं अंगण

गिटारच्या तारा ताणून ट्यूनिंग करतात हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पण हवाई बेटांवरचे लोक उलटंच करतात. ते काही तारा चक्क सैल सोडतात! या पद्धतीला तिथे ‘की होआलु’ म्हणतात, इंग्रजीत स्लॅक की. ही विद्या घराघरातून बाहेर काढून सगळ्यांसमोर ठेवणाऱ्यांत पहिलं नाव येतं गॅबी पाहिनुईचं.

आधी थोडी हिस्ट्री. १८३० च्या दशकात हवाईच्या राजाने रानटी गुरं आवरायला मेक्सिकन गुराखी बोलावले. त्यांच्याबरोबर गिटार आली. हवाईच्या लोकांनी गिटार ठेवून घेतली आणि ट्यूनिंग मात्र आपलं केलं. त्यातल्या सगळ्यात कॉमन ट्यूनिंगमध्ये सहावी, पाचवी आणि पहिली तार एकेक टोन खाली उतरवतात. मग डावा हात न लावता सगळ्या तारा छेडल्या तरी जी मेजर कॉर्ड वाजते. अंगठा बास सांभाळतो, बाकीची बोटं चाल वाजवतात. वाजवणारा एकटाच, पण ऐकणाऱ्याला वाटतं दोघं आहेत!

गोची अशी की ट्यूनिंग हे घरातलं गुपित असायचं, बाहेरच्याला सांगायचं नाही. त्यात १८९६ च्या कायद्याने शाळांत इंग्रजी माध्यम आलं आणि हवाईयन भाषाच मागे पडली. (कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या माझ्यासारखीला हे वाचून जरा टोचलंच.) एखादं म्हातारं माणूस गेलं की त्याचं ट्यूनिंगही त्याच्याबरोबर जायचं.

अशा काळात, १९२१ साली गॅबीचा जन्म झाला. होनोलुलूच्या काकाआको या गरीब वस्तीत तो वाढला. लहानपणी त्याने पेपर विकले, बूटपॉलिश केलं. शाळा अर्धवट सुटली. गिटार तो कानाने आणि डोळ्यांनी शिकला. १९४६-४७ च्या सुमारास त्याने ‘हीइलावे’ हे जुनं गाणं स्लॅक कीवर रेकॉर्ड केलं आणि तरुण पोरांचे कान टवकारले. १९६० च्या आसपास एडी कामाएबरोबर ‘सन्स ऑफ हवाई’ हा ग्रुप निघाला. नाव झालं, पण घरात दहा मुलं! म्हणून हा एवढा मोठा कलाकार म्युनिसिपालिटीच्या रस्त्याच्या कामावर राबायचा. पिणंही बरंच होतं. तो काही संत नव्हता.

पण वायमानालोमधल्या त्याच्या घराचं अंगण सगळ्यांना खुलं होतं. सुट्टीच्या दिवशी तिथे मैफल जमायची. सिलॅबस नाही, फी नाही. बसायचं, त्याच्या बोटांकडे बघायचं, जमेल तसं साथीला घुसायचं. सगळे त्याला ‘पॉप्स’ म्हणायचे. त्याची मुलं याच वातावरणात तयार झाली. कॅलिफोर्नियाचा नावाजलेला गिटारिस्ट राय कूडरसुद्धा त्याच्याकडे ओढला गेला आणि १९७५ च्या त्याच्या रेकॉर्डवर साथीला वाजला. १३ ऑक्टोबर १९८० ला गॅबी गेला. वय फक्त ५९.

आज देशोदेशीचे लोक पैसे भरून हवाईला कॅम्पसाठी जातात. तिथे स्लॅक कीबरोबर हुला नाच आणि हवाईयन भाषाही शिकतात, आणि संध्याकाळी सगळे गोल करून वाजवतात. म्हणजे पॉप्सचं अंगणच की!

आपल्या हॉस्टेलवरही कोणाला बासरी येते, कोणाला आजीच्या ओव्या पाठ आहेत. रूमचं दार लावून ते जपण्यापेक्षा, एखाद्या रविवारी गच्चीवर बसू या का?