हेन्री लॉरेन्स

अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलिना प्रांतात चार्ल्सटन नावाचे बंदर आहे. तेथे १७२४ साली एका जीनगराच्या घरी हेन्री लॉरेन्सचा जन्म झाला. व्यापारात पडून तो थोड्याच वर्षांत मोठा धनिक झाला. पण हे धन आले कोठून? आफ्रिकेतून जहाजांत कोंबून आणलेली माणसे तो बाजारात विकीत असे. त्याच्या पेढीने अशी हजारो माणसे विकली. पुढे हा व्यापार त्याने सोडला खरा. परंतु कूपर नदीकाठच्या मेपकिन येथील त्याच्या भातशेतीत गुलामच राबत.

१७५० साली त्याचा एलिनॉर बॉल हिच्याशी विवाह झाला. त्यांची कित्येक अपत्ये बालपणीच दगावली. मार्था ही तान्ही असताना तिला देवी आल्या. ती मृत झाली असे समजून दफनाची तयारी चालली होती. इतक्यात तिच्यात धुगधुगी दिसली व ती वाचली. बापाच्या मनातून तो प्रसंग कधीच गेला नाही.

इंग्लंडविरुद्ध स्वातंत्र्ययुद्ध पेटले, तेव्हा वसाहतींच्या काँग्रेसने १७७७ मध्ये लॉरेन्सला अध्यक्ष निवडले. त्याचा पुत्र जॉन हा सेनापती वॉशिंग्टनचा साहाय्यक होता. स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्यांनी गुलाम बाळगावे, ही विसंगती जॉनला सलत असे. गुलामांना सैन्यात घेऊन मुक्त करावे, असे त्याने सुचविले. काँग्रेसने १७७९ मध्ये त्यास अनुमती दिली. दक्षिण कॅरोलिनाच्या जमीनदारांनी मात्र ती योजना धुडकावली. गुलामगिरीचा आपल्याला तिटकारा आहे, असे हेन्रीने स्वतः पुत्राला लिहिले होते. तरीही त्याने फारच थोड्या गुलामांना मुक्त केले.

१७८० मध्ये हॉलंडकडे वकील म्हणून जात असता इंग्रजांनी त्याचे जहाज पकडले. त्याने कागदपत्रे समुद्रात टाकली. ती बुडण्यापूर्वीच शत्रूने वर काढली! लंडनच्या टॉवरमध्ये तो पंधरा महिने कैदेत होता. आजारी असूनही पहारेकऱ्यांचा खर्च त्यालाच सोसावा लागे. अखेर यॉर्कटाउन येथे शरण आलेल्या कॉर्नवॉलिसच्या बदल्यात त्याची सुटका झाली. हाच कॉर्नवॉलिस पुढे हिंदुस्थानात गव्हर्नर जनरल होऊन आला आणि १७९२ साली मराठे व निजाम यांच्या साहाय्याने टिपूशी लढला. नवल असे की, त्या टॉवरचा नामधारी किल्लेदारही तोच होता. आणि यॉर्कटाउनच्या शरणागतीच्या अटी ठरविणाऱ्यांत होता हेन्रीचा पुत्र जॉन!

बाप युरोपातच असताना, ऑगस्ट १७८२ मध्ये, एका लहानशा चकमकीत जॉन मारला गेला. त्यानंतर लॉरेन्सचे मन राजकारणात रमले नाही. तो मेपकिनला परतला.

डिसेंबर १७९२ मध्ये तो मरण पावला. आपल्याला पुरू नये, दहन करावे, असे त्याने मृत्युपत्रात बजावले होते. त्या देशातील गोऱ्या लोकांत ही रीत नव्हती. पण मुलांनी आज्ञा पाळली, आणि मेपकिनच्या भूमीवर त्याची चिता पेटली.