ब्लूजला सिंफनीत मानाने बसविणारे विल्यम ग्रँट स्टिल

ब्लूज हे अमेरिकेतल्या गुलामांच्या वंशजांचे गाणे. ते कष्टकऱ्यांत जन्मले, दारूच्या गुत्त्यांत वाढले. गोऱ्या उच्चभ्रूंनी त्याला हलके ठरविलेच, पण शिकल्यासवरल्या अनेक कृष्णवर्णीयांनाही त्याची लाज वाटे. त्याच गाण्याला विल्यम ग्रँट स्टिल यांनी सिंफनीत नेले.

त्यांचा जन्म ११ मे १८९५ चा, मिसिसिपी राज्यातील वुडव्हिलचा. वडील तान्हेपणीच वारले. आई लिटल रॉकला शिक्षिका होती. मुलाने डॉक्टर व्हावे ही तिची इच्छा, पण सावत्र वडिलांनी घरी आणलेल्या ऑपेराच्या तबकड्यांनी मुलाला वेड लावले. पदवी अर्धवट सोडून त्यांनी वाद्यवृंदात काम धरले. १९१६ साली मेंफिसला डब्ल्यू. सी. हँडी यांच्याकडे असताना ब्लूज त्यांनी जवळून ऐकले. १९१८ साली नौदलात गेले, तर तिथे काय मिळाले? जेवणघरात वाढप्याचे काम! पुढे न्यूयॉर्कमध्ये ते ओबो वाजवीत होते. आधुनिक संगीतातले बंडखोर एडगर व्हारेझ यांच्याकडे ते शिकले. गुरूच्या वाटेने जाऊन नाव मिळविता आले असते. स्टिल यांनी मात्र आपल्या माणसांचा सूर निवडला.

१९३० साली त्यांनी 'आफ्रो-अमेरिकन सिंफनी' लिहिली. बारा मात्राखंडांचे ब्लूज हाच तिचा मुख्य विषय. लोकसंगीताचा तुकडा चवीपुरता टाकणारे पुष्कळ होते. इथे सगळी इमारतच त्यावर उभी आहे. तिसऱ्या भागात बँजोही वाजतो. १९३१ साली हॉवर्ड हॅन्सन यांच्या संचालनाखाली रॉचेस्टरच्या वाद्यवृंदाने ती सादर केली. कृष्णवर्णीय अमेरिकन रचनाकाराची सिंफनी मोठ्या वाद्यवृंदाने वाजविण्याची ती पहिलीच वेळ. १९३६ साली लॉस एंजेलिसच्या मोठ्या वाद्यवृंदाचे संचालनही त्यांनी केले. तोवर त्या देशात हा मान कोणाही कृष्णवर्णीयाला मिळाला नव्हता.

मान व्यासपीठावर मिळाला, कायद्यात नाही. १९३९ साली व्हर्ना आर्व्ही या गोऱ्या पियानोवादक स्त्रीशी विवाह करायला त्यांना मेक्सिकोत जावे लागले, कारण कॅलिफोर्नियात असा विवाह बेकायदा होता. १९४० साली झुंडबळीवरची त्यांची रचना न्यूयॉर्कमध्ये सादर झाली. तीत गायकांचे दोन ताफे होते. गोरा ताफा फाशी देऊन परतणाऱ्या जमावाचा, काळा ताफा प्रेत शोधणाऱ्यांचा, आणि मधे एक आई.

मोठी कसोटी लागली ती 'ट्रबल्ड आयलंड' या ऑपेराची. हैतीतील गुलामांच्या उठावाची ही कथा लँग्स्टन ह्यूज यांनी शब्दबद्ध केली होती. अनेक वर्षे वाट पाहिल्यावर १९४९ साली न्यूयॉर्क सिटी ऑपेराने ती रंगमंचावर आणली. पण गुलामांच्या नेत्याची, देसालीनची भूमिका कोणी केली? तोंडाला काळा रंग फासलेल्या गोऱ्या गायकाने! पहिल्या रात्री टाळ्या थांबत नव्हत्या, समीक्षक मात्र हात राखून लिहीत राहिले. तीन प्रयोगांत सारे आटोपले. यामागे कम्युनिस्टांचा कट होता असे स्टिल पुढे मानत राहिले. ते पटण्यासारखे नाही. वर्णवर्चस्वाला कट करावाच लागत नाही.

पुढची वर्षे उपेक्षेची गेली, पण लेखणी थांबली नाही. १९४१ साली पूर्ण केलेला 'अ बायू लेजंड' हा ऑपेरा रंगमंचावर यायला १९७४ साल उजाडले. तोही न्यूयॉर्कमध्ये नव्हे, तर त्यांच्या जन्मराज्यात, मिसिसिपीतील जॅक्सन शहरात. चार वर्षांनी, ३ डिसेंबर १९७८ रोजी, लॉस एंजेलिसमध्ये त्यांचे निधन झाले.